लहान स्थानिक वीज वितरण कंपनीला बॅटरी साठवणुकीचा नेमका काय फायदा होतो?

मोठा फायदा युनिटच्या दरात नसून कमाल मागणीवर लागणाऱ्या आकारात, म्हणजे शुल्कात असतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टर्लिंग या लहानशा गावाच्या नगर वीज विभागाने २०१६ च्या अखेरीस २ मेगावॉट क्षमतेची आणि ३.९ मेगावॉट-तास वीज साठवणारी बॅटरी बसवली. मॅसॅच्युसेट्स ज्यात मोडते त्या न्यू इंग्लंड या ईशान्य अमेरिकेतील प्रदेशात संपूर्ण ग्रिडची, म्हणजे सामायिक वीजजाळ्याची मागणी वर्षातून ज्या एका तासाला सर्वाधिक असते, त्या तासातील वापरावरून वितरकाचा क्षमता आकार (पुरेशी वीजनिर्मिती क्षमता सज्ज ठेवण्याचे शुल्क) ठरतो, आणि पारेषण आकारही (उच्चदाब वाहिन्यांतून वीज वाहून आणण्याचे शुल्क) दरमहाच्या कमाल तासाशी बांधलेला असतो. त्यामुळे नेमक्या त्या वेळी बॅटरीतून वीज सोडली, की पुढचे बिल चांगलेच उतरते. तो तास हुकला तर मात्र बचत हातची जाते, म्हणून माझ्या मते कसोटी बॅटरीपेक्षा अंदाज बांधणाऱ्याची अधिक असते. ग्रिड बंद पडल्यास हीच बॅटरी तिथल्या पोलीस ठाण्याला वीज पुरवू शकते.

आपल्याकडे आकारणीची पद्धत निराळी आहे. दिल्लीत किलोकरी येथे २०२५ मध्ये सुरू झालेली २० मेगावॉटची बॅटरी स्वस्त वेळेत चार्ज होऊन गर्दीच्या तासांत वितरण जाळ्यावरील भार हलका करते, आणि त्या वेळची महागडी वीजखरेदीही त्यामुळे कमी होऊ शकते.