मुलुंडहून अंधेरीच्या ऑफिसातला लिनक्स सर्व्हर बघायचाय. राउटरवर ५९०१ पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून व्हीएनसी (लांबच्या मशीनचा स्क्रीन इथे दाखवणारी सोय) लावलं, पण नुसता करडा स्क्रीन येतो. काय चुकतंय?

करडा स्क्रीन ही किरकोळ भानगड आहे. व्हीएनसी सर्व्हर सुरू झालाय, पण त्याने डेस्कटॉप उघडलेला नाही. एक्सस्टार्टअप नावाच्या फाइलमध्ये डेस्कटॉप सुरू करायची ओळ आहे का बघा आणि ती फाइल एक्झिक्युटेबल (प्रोग्रामसारखी चालवता येईल अशी) करा. एक्सएफसीई हा डेस्कटॉप टाका, हलका आहे, घरच्या नेटवर बरा चालतो.

खरी काळजी त्या उघड्या पोर्टची. आज रात्रीच बंद करा! व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात. तुम्ही वीस अक्षरी पासवर्ड ठेवलात तरी पुढची बारा वाया. शिवाय स्क्रीनवरचं चित्र आणि तुम्ही दाबलेली बटणं एन्क्रिप्ट न होता, म्हणजे उघडीच जातात. असे पोर्ट शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र जागे असतात.

त्यापेक्षा व्हीएनसी सर्व्हरला फक्त लोकलहोस्टवर (म्हणजे त्याच मशीनच्या आतून) ऐकायला सांगा आणि एसएसएचचा (लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीचा) बोगदा काढा. एसएसएचला कॅपिटल एल हा पर्याय देऊन लॅपटॉपचा ५९०१ सर्व्हरच्या ५९०१ ला जोडायचा, मग व्ह्यूअरमध्ये पत्ता लोकलहोस्ट. (स्मॉल एल टाकलात तर एसएसएच पुढच्या मजकुराला युजरनेम समजतं. मी यात अर्धा तास घालवलाय.) बाहेरून फक्त एसएसएच उघडं, तेही किल्लीवर (लॅपटॉपवर ठेवलेल्या की-फाइलवर), पासवर्डने लॉगिन बंद. लोकल ट्रेनमध्ये नेट गेलं तरी सर्व्हरवरचं सेशन चालूच राहतं.

व्हीएनसीचा हा स्क्रीन मात्र आभासी असतो. सर्व्हरला लावलेल्या मॉनिटरवर जे दिसतं तेच हवं असेल तर एक्स११व्हीएनसी हा वेगळा व्हीएनसी सर्व्हर लागेल. मशीन बूटच होत नसेल तर दोन्ही निरुपयोगी, तिथे आयपीएमआयसारखी, सिस्टिम सुरू नसतानाही लांबून ताबा देणारी वेगळी सोय मदरबोर्डवरच हवी.

आणि फायरवॉलला लांबून हात लावाल तेव्हा जपून. एकदा भर पावसात घरून एक नियम बदलला आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. मग घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी, तिथून गुडघाभर पाण्यातून ऑफिस, कशासाठी तर एक ओळ पुसायला. वॉचमनने विचारलं, "साहेब, आज सुट्टी ना?" तेव्हापासून मी बदल करण्याआधी 'अ‍ॅट' कमांडने पाच मिनिटांनी जुने नियम परत लागतील असं लावून ठेवतो. सगळं नीट चाललं तर ते काम रद्द करतो.