गायनेकोमास्टिया (पुरुषाची छाती स्तनासारखी वाढणं) आहे, व्हे प्रोटीन आणि वेट ट्रेनिंगने छाती अजून वाढेल का?
नाही रे, व्हे म्हणजे दुधातलंच प्रोटीन, त्याने छाती नाही वाढत. घोळ कुठे होतो, तर आमच्या घणसोलीत काही जिमवाले सुट्टी पावडर नाहीतर 'साईज वाढवायची गोळी' देतात, त्यात स्टेरॉइड असलं तर छातीतली गाठ खरंच वाढू शकते, म्हणून सीलबंद डबाच घे, एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा) १४ आकडी नंबर बघून. बेंच प्रेस बिनधास्त मार. पण निपलच्या मागे दाबून बघ, रबरासारखी चकती लागली तर ती ग्रंथी, व्यायामाने जात नाही, नुसती मऊ चरबी असेल तर वजन उतरलं की बऱ्यापैकी कमी होते. दुखतंय, एकाच बाजूला आहे किंवा केस गळतीसाठी फिनास्टेराइडची गोळी चालू आहे, तर आधी डॉक्टरला दाखव. आणि लाजून जिमला दांडी नको मारूस, सैल काळा टीशर्ट घाल, बास.