नियम सारखे बदलतायत, तिकीट काढू की नको?

कोरोना महामारीच्या काळात समुपदेशनासाठी येणाऱ्या घरांमध्ये एक प्रश्न वारंवार यायचा. परदेशी सहल ठरवायची आहे, पण नियम रोज बदलतात, मग तिकीट काढायचं की थांबायचं? प्रश्न प्रवासाचा वाटतो. बहुतेक वेळा त्याखाली आणखी काही दबलेलं असतं. फोंड्याच्या एका कुटुंबाच्या बाबतीत ते कसं बाहेर आलं, ते इथे मांडलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पती-पत्नी पन्नाशीच्या आतले. त्याचं औषधांचं दुकान, ती पणजीला सरकारी नोकरीत. मुलगी चौदा वर्षांची, घरात सासूबाई. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर दोघं आली. तक्रार तिची होती, "मला झोप नाही." रात्री दोन वाजता उठून ती मोबाइलवर प्रवासाचे नियम पाहायची. ऑफिसात फायलीखाली फोन. ट्रॅव्हल एजंटला दिवसातून चार-पाच फोन. तो मात्र एकच वाक्य बोलायचा, "नियम परत बदलतील, कशाला उगाच?"

तिच्या धास्तीला कारण होतं. २३ मार्च २०२० पासून भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद होती, जी चालत ती देशादेशांतल्या 'एअर बबल' करारांवर, म्हणजे ठरावीक मर्यादित उड्डाणांच्या परस्पर परवानगीवर. २६ नोव्हेंबर २०२१ ला सरकारने जाहीर केलं की १५ डिसेंबरपासून नियमित उड्डाणं सुरू होतील. लगेच या दोघांनी लग्नाच्या वाढदिवसासाठी थायलंडची तिकिटं काढली. पण त्याच २६ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने ओमिक्रॉन या कोरोना विषाणूच्या नव्या रूपाला 'चिंताजनक प्रकार' ठरवलं होतं. १ डिसेंबरला उड्डाणांचा निर्णय मागे घेतला गेला, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थायलंडनेही 'टेस्ट अँड गो'ची, म्हणजे चाचणी करून लांब विलगीकरणाशिवाय प्रवेश देणाऱ्या योजनेची, नवी नोंदणी थांबवली. विमानाचे पैसे परत आले. हॉटेलचे गेले, कारण कमी भाड्याची, रद्द न होणारी खोली घेतली होती.

त्यानंतर तिच्या मनाने एक हिशेब मांडला. मी वेळेवर पाहिलं असतं तर हे टळलं असतं. म्हणून आता सारखं पाहायचं. हा हिशेब चुकीचा आहे, कारण १ डिसेंबरचा निर्णय कुणालाही आदल्या दिवशी कळणार नव्हता. अनिश्चितता सहन न होणं हाच काळजीचा गाभा असतो, असं कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल दुगा यांनी मांडलं आहे, आणि इथे ते नेमकं लागू पडत होतं. दर तपासणीने दहा मिनिटं बरं वाटतं, मग शंका पुन्हा येते. तपासणी वाढते, खात्री वाढत नाही.

पहिलं काम ठरलं ते तपासणीला वेळ बांधून देण्याचं. रात्री आठ ते आठ-वीस, वीस मिनिटं. फक्त त्या देशाचं अधिकृत संकेतस्थळ आणि विमान कंपनीचं प्रवासनियमांचं पान. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे 'फॉरवर्ड' वगळायचे. एजंटला आठवड्यातून एकच फोन, प्रश्न आधी वहीत लिहून. मधल्या वेळी शंका आली तर तीही वहीत लिहायची आणि आठपर्यंत ठेवून द्यायची. हे पहिल्याच दिवशी जमत नाही. सुरुवातीला बेचैनी वाढते, आणि तेव्हाच बहुतेक जण सोडून देतात. नवऱ्याला एवढंच सांगितलं की तिच्यावर पाळत ठेवू नका, "परत बघितलंस ना?" म्हणू नका. पाळतीमुळे तपासणी लपून होते, थांबत नाही.

वही कामाला आली. पंधरवड्यानंतर ती चाळताना एक गोष्ट दिसली. तिने पानंच्या पानं लिहिली होती, पण मुलीच्या वयाची नोंद त्यात कुठेच नव्हती. नव्या सहलीसाठी सिंगापूर आणि दुबई असे दोन पर्याय होते, मुलीला सिंगापूर हवं होतं. १६ मार्चला बारा ते चौदा वयोगटाचं लसीकरण सुरू झालं, कॉर्बेव्हॅक्स ही लस, २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस. तिला वाटलं, अडचण मिटली. १ एप्रिलपासून लागू होणारा सिंगापूरचा नियम त्या वीस मिनिटांत शांतपणे, ओळ न ओळ वाचायला सांगितला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सूट होती. त्यापुढच्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली लस पूर्ण घेतलेली हवी होती, आणि कॉर्बेव्हॅक्स तेव्हा त्या यादीत नव्हती. चौदा वर्षांच्या मुलीसाठी ते दार बंद होतं. महिनाभर शंभरदा पाहूनही हे दिसलं नव्हतं, कारण ती माहिती शोधतच नव्हती, धीर शोधत होती. त्या संध्याकाळी ती रडली, आणि त्या रात्री शांत झोपली. नक्की 'नाही' हे लटकत्या 'कदाचित'पेक्षा मनाला सोसवतं.

उरलं दुबई. फेब्रुवारीअखेरपासून तिथे मान्यताप्राप्त लसीचे दोन्ही डोस झालेल्यांना चाचणी लागत नव्हती, बाकीच्यांना, म्हणजे इथे मुलीला, ४८ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल चालत होता. विमानतळावरच्या रॅपिड पीसीआरची अटही नुकतीच गेली होती.

आणि इथे गाडी अडली, त्याच्याकडून. जायचं ठिकाण आहे, नियम सोपे आहेत, तरी तो म्हणे, "मेमध्ये नको." एप्रिल चालेल? मुलीची परीक्षा. जूनमध्ये? शाळा सुरू. मग मेच का नको? बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दादाचं वर्षश्राद्ध आहे."

त्याचे थोरले भाऊ मे २०२१ च्या लाटेत गेले. गोव्यातल्या कितीतरी घरांनी तो महिना तसाच काढला. अंत्यविधीला मोजकी माणसं, भेटायला येणारं कुणी नाही. दुकान मात्र एक दिवसही बंद नव्हतं, कारण औषधं लागत होती. त्याला दुःख करायला वेळच मिळाला नाही. 'नियम बदलतील' हे त्याच्यासाठी सोयीचं वाक्य होतं, त्यामागे 'भाऊ गेला आणि मी मजा करायला जाऊ?' हा प्रश्न लपला होता. नियम कितीही सोपे झाले असते तरी त्याने नवं कारण शोधलं असतं. घरोघरी प्रवासावरून होणाऱ्या भांडणांत हे अनेकदा दिसतं, एक जण नियमांवर बोलतो, दुसरा शोकावर, आणि दोघांनाही वाटतं आपण एकाच विषयावर बोलतोय.

त्याला एकच सुचवलं की हे वहिनींशी बोला. परवानगी मागायला नव्हे, त्या महिन्याबद्दल बोलायला. तो गेला, दोघं पहिल्यांदा त्या दिवसांविषयी बोलली. वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे मेच्या मध्यावर येत होतं. प्रवास त्यानंतरचा, २० मेचा ठरला.

मग कागद मांडला. डाव्या बाजूला निर्णयाच्या तारखा, उजवीकडे त्या दिवशी काय पाहायचं ते. २५ एप्रिलला तिकीट. ते थेट विमान कंपनीकडून काढायचं, कारण मधे एजंट असला की परतावा त्याच्या हातून फिरून येतो. शिवाय उड्डाणाला किमान सात दिवस असतील तर थेट काढलेलं तिकीट तेव्हा २४ तासांत बिनादंड रद्द करता येत असे. खोली १७ मेपर्यंत मोफत रद्द होणारी, भाडं थोडं जास्त पडलं तरी. सरकारी बंदीमुळे सहल बुडाली तर प्रवास विमा सहसा पैसे देत नाही, म्हणून पॉलिसीतलं 'वगळलेल्या बाबी' हे पान आधी वाचायचं. आणि 'गेले तर गेले' अशी रक्कम दोघांनी मिळून आधीच ठरवायची. त्यांनी चाळीस हजार लिहिले. हा आकडा लिहिल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण आजवर भीतीला मापच नव्हतं.

कागदपत्रांत एक गफलत सापडली. कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर आईचं नाव आधारप्रमाणे होतं, पासपोर्टवर मधलं नाव वेगळं. कोविनवर नावाची दुरुस्ती करता येई, पण एकदाच, म्हणून पासपोर्ट समोर ठेवूनच करायची. त्यानंतर त्याच ठिकाणी पासपोर्ट क्रमांक जोडायचा आणि पूर्ण जन्मतारीख असलेलं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. परतीसाठी 'एअर सुविधा' या सरकारी पोर्टलवर तेव्हा भरावी लागणारी स्वयंघोषणाही यादीत घातली.

मुलीच्या चाचणीचा हिशेब वेगळा लिहिला. ४८ तास नमुना दिल्यापासून मोजतात, अहवाल हातात आल्यापासून नाही. उड्डाण २० तारखेला रात्री आठला असेल, तर १८ च्या रात्री आठआधी दिलेला नमुना बाद. १८ ची उशिराची रात्रही धोक्याची, १९ ची सकाळ बरी, म्हणजे विमानाला उशीर झाला तरी तास शिल्लक राहतात. अहवालावर क्यूआर कोड आहे ना, हे प्रयोगशाळेला आधीच विचारायचं. आणि चाचणी पॉझिटिव्ह आली तर? तेही लिहिलं: तिघंही थांबतील, तिकिटाची तारीख बदलतील, मुलीला कुणी काही बोलणार नाही. ही शेवटची ओळ मुलीनेच घालायला लावली. आपल्यामुळे सगळ्यांची सहल बुडेल, ही तिची धास्ती तोवर कुणी विचारलीच नव्हती.

मेच्या पहिल्या आठवड्यात रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या आणि आईची रात्रीची तपासणी दोन दिवस परत सुरू झाली. ते अपेक्षितच होतं. वही पुन्हा उघडली, आठची वेळ पुन्हा लावली, कागदावरची पुढची तारीख १७ मे होती, तोवर काही ठरवायचं नव्हतं. तिघं ठरल्या दिवशी गेली.

प्रत्येक घराला समुपदेशन लागतं असं नाही, कागद आणि तारखा पुष्कळांना पुरतात. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल, कामात लक्षच लागत नसेल किंवा गेलेल्या माणसाच्या आठवणीने दिवस अडून राहत असेल, तर ते सहलीपुरतं नाही. गोव्यात बांबोळीच्या मनोचिकित्सा व मानवी वर्तन संस्थेत तपासणी होते, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं.