समोरून धडक बसलेल्या गाडीचं नुकसान किती खोलवर गेलंय, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की धडक डाव्या कोपऱ्यावर बसली, बंपर फाटला, हेडलाइट फुटला, बॉनेट एका बाजूने वर आलंय, पण इंजिन सुरू होतंय. मग गाडी चालवत गॅरेजला न्यावी का, आणि नुकसान नेमकं कुठवर गेलंय हे कसं कळणार? न्यायचं की नाही हे आधी सांगतो. खालच्या गोष्टी तपासून होईपर्यंत गाडी चालवू नका. इंजिन सुरू होतंय म्हणजे गाडी रस्त्यावर काढण्यासारखी आहे, असं नसतं.

बंपरवरून अंदाज बांधू नका. बंपरचं प्लास्टिक दबतं आणि परत जागेवर येतं, त्यामुळे वरून नुसता ओरखडा दिसतो आणि आतला बीम वाकलेला निघतो. कधी उलटही होतं, बंपरचे तुकडे झालेले असतात आणि मागे सगळं शाबूत. बघायचं ते एवढंच, की धक्का कुठे जाऊन थांबला. बंपरमागे फोम असतो, त्यामागे आडवा बीम, बीमच्या दोन्ही टोकांना क्रॅश बॉक्स आणि त्यांच्यामागे इंजिनच्या दोन्ही बाजूंनी मागे जाणारे लांब मजबूत दांडे, म्हणजे साइड मेंबर. क्रॅश बॉक्स चुरगळण्यासाठीच बनवलेले असतात. बहुतेक गाड्यांत ते बोल्टवर बसवलेले असल्याने काढून नवे लावता येतात. साइड मेंबरला घडी पडली असेल तर मात्र काम पूर्णपणे वेगळ्या पातळीवर जातं.

सुरुवात गाडीखाली वाकून करा. हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा, बोटाला बुळबुळीत लागणारा द्रव म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारा. लालसर तेलकट असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल असू शकतं, कारण अनेक गाड्यांत त्याचा कूलर रेडिएटरच्या आतच किंवा शेजारी असतो. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं असतं किंवा वायपरच्या फुटलेल्या टाकीतलं. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) असतो आणि मार पहिल्यांदा त्यालाच बसतो. त्यावर ओलसर तेलकट डाग दिसला तर गॅस तिथूनच गेला असं समजा.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या दोन्ही कडांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, आणि त्यांना गेलेली बारीक चीर थंड असताना बऱ्याचदा अजिबात गळत नाही. इंजिन तापून दाब चढला की गळायला लागते. म्हणून रात्रभर खाली डाग पडला नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. इंजिन थंड असताना रेडिएटरवर दाबाचा काटा असलेला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत राहायचं. काटा खाली आला तर गळती आहे. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. तापमानाच्या काट्यावरही विसंबू नका. कूलंट पूर्ण निघून गेलं की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि इंजिनचं हेड (वरचा भाग) तापून वाकेपर्यंत काटा नेहमीच्या जागी राहू शकतो. पंखा रेडिएटरला घासतोय का, तेही बघा. पण त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा आपोआप फिरायला लागतो.

बॉनेटचं लॉक रेडिएटर सपोर्टवर, म्हणजे रेडिएटर धरून ठेवणाऱ्या पुढच्या चौकटीवर असतं. तो सपोर्ट मागे किंवा खाली सरकला की लॉक अर्धवटच बसतं, आणि वेगात बॉनेट उडून काचेवर आदळतं. तुमचं बॉनेट एका बाजूने वर आलंय, तेव्हा बाकी सगळं ठीक निघालं तरी एवढ्या एका कारणासाठी गाडी चालवू नका, टोइंगनेच न्या.

आता फटी बघा. बॉनेट आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना जवळपास सारखी आणि सरळ असायला हवी, बहुधा 3 ते 5 मिमी. पुढे रुंद आणि मागे अरुंद अशी पाचरीसारखी झाली असेल, तर खालचं काहीतरी सरकलंय. त्याहून महत्त्वाची फट फेंडर आणि पुढच्या दारामधली. ती वरच्या टोकाला मिटली असेल किंवा दार उघडताना फेंडरला घासत असेल, तर धक्का एप्रनपर्यंत, म्हणजे फेंडरच्या आतल्या पत्र्यापर्यंत पोचलाय.

बॉनेट उघडून टॉर्चने एप्रन आणि साइड मेंबर बारकाईने बघा. रंगाला केसासारख्या रेषा, सांध्यावरच्या सीलरला भेगा, पत्र्यावर हलकी लाट, ही सगळी वाकल्याची लक्षणं. बोल्टच्या डोक्यांकडेही नजर टाका. बोल्टच्या कडेला चंद्रकोरीसारखा चकचकीत, बिनरंगाचा धातू दिसला तर तो भाग जागेवरून सरकलाय. इंजिनचे माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) फाटलेत का, हेही याच वेळी बघून घ्या.

नंतर टेप घ्या. डाव्या स्ट्रटच्या (पुढच्या चाकाच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या) वरच्या बोल्टपासून रेडिएटर सपोर्टच्या उजव्या कोपऱ्यातल्या भोकापर्यंत आणि उजव्या बोल्टपासून डाव्या कोपऱ्यापर्यंत, अशी दोन तिरपी मापं काढा. फरक 3 मिमीच्या आत असेल तर ठीक. 5 मिमीच्या वर गेला तर कंपनीच्या मापांशी ताडून बघायलाच हवं, कारण काही गाड्यांत दोन्ही बाजूंची भोकं मुळातच सारख्या जागी नसतात. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ते सारखं असायला हवं. (जुन्या रेनो 4 सारख्या मोजक्या गाड्यांत ते कारखान्यातूनच वेगळं असायचं, तो अपवाद.) डावीकडे कमी भरलं तर चाक मागे ढकललं गेलंय.

चाकांच्या अलाइनमेंटच्या कागदावर फक्त टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडलेला दिसला तर संशय टाय रॉडवर, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्यावर. कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) दुसऱ्या बाजूपेक्षा कमी असेल तर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), सबफ्रेम (तो आर्म ज्यावर बसतो ती चौकट) किंवा स्ट्रटची वरची जागा सरकली असणार. नुसता टो जुळवून 'झालं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गाडी सरळ जाईलही, पण मूळ दोष तसाच राहील आणि टायर एका कडेने झिजत जाईल. वाकलेला आर्म किंवा टाय रॉड ठोकून सरळ करायचा नाही, बदलायचाच.

एअरबॅग उघडल्या नाहीत म्हणजे मार हलका, असंही नाही. धडकेचा कोन आणि वेग किती झटक्यात कमी झाला, यावर ते ठरतं. चावी दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो पेटलेलाच राहिला किंवा लागलाच नाही, तर दोन्हींचा अर्थ बिघाड. एअरबॅगचे पुढचे सेन्सर तडकलेत का बघा, पण त्यांच्या वायरींना मीटर लावू नका. सीटचा पट्टा हळू ओढून बघा, अडकला किंवा परत गुंडाळला गेला नाही तर त्याचा प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा झटक्यात आवळणारा भाग) उडालेला असू शकतो आणि पट्टा बदलावा लागेल. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी केबलना हात लावू नका. ग्रिलमागे रडार असेल तर त्याचा ब्रॅकेट किंचित वाकला तरी अंतर चुकीचं मोजलं जातं, म्हणून दुरुस्तीनंतर कॅलिब्रेशन (मापाची पुन्हा जुळवणी) लागतंच.

पहिला अंदाजपत्रकाचा कागद अंतिम मानू नका. बंपर, बीम आणि हेडलाइट उतरवल्याशिवाय पूर्ण यादी होत नाही. काही उतरवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि विमा कंपनीचा माणूस येणार असेल तर तोपर्यंत जुने भाग टाकू देऊ नका. यादीतून हमखास राहून जातात त्या बारीक गोष्टी: बंपरचे क्लिप आणि बाजूचे होल्डर, चाकावरचं प्लास्टिक लायनर, खालचं कव्हर, हॉर्न, वायपरची टाकी, हेडलाइटचा कनेक्टर, आणि कंडेन्सर बदलताना लागणारा नवा ड्रायर (एसीच्या गॅसमधला ओलावा शोषणारा भाग).

साइड मेंबर वाकलेला निघाला तर तो मापं घेणाऱ्या बेंचवरच (गाडी घट्ट पकडून ठेवणाऱ्या चौकटीवर) ओढून घ्या. खांबाला साखळी बांधून ओढलेला मेंबर दिसायला सरळ होतो, पण मापात बसेलच असं नाही. उच्च ताकदीच्या स्टीलचा बीम किंवा मेंबर गॅसने तापवून सरळ करू देऊ नका, तापवलं की त्याची ताकद जाते आणि पुढच्या धडकेत तो हवा तसा चुरगळत नाही. काम देतानाच सांगून ठेवा, की ओढण्याआधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद हवा.