जॉर्डनमध्ये येशूच्या बाप्तिस्म्याची जागा बघण्यासारखी आहे का? आम्ही ख्रिस्ती नाही, मृत समुद्राजवळ दोन रात्री आहोत.

जा. मृत समुद्राच्या हॉटेलांपासून गाडीने अर्धा तास लागतो, म्हणजे तुमची एक सकाळ खर्च होईल. फक्त नदी बघायला म्हणून जाऊ नका, नाहीतर माझ्या आईसारखं होईल.

आम्ही वसईचे कॅथलिक. लहानपणापासून चर्चच्या मिस्सात ‘यार्देन’, म्हणजे हीच जॉर्डन नदी, ऐकलेली, त्यामुळे डोळ्यांसमोर निदान वैतरणेएवढं पात्र. प्रत्यक्षात झाऊ आणि बोरूच्या बेटांतून वाट काढत गेलो तर समोर पाच-सहा मीटर रुंदीचा, चहाच्या रंगाचा प्रवाह. वरच्या अंगाला इस्राएल, जॉर्डन, सीरिया सगळेच पाणी उचलतात, खाली उरतं ते हे. आई म्हणाली, “ह्यापेक्षा आपल्या बावडीचं पाणी बरं.” मला हसूच आलं. बायबलच्या जुन्या करारात नामान नावाचा सेनापती कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून याच नदीवर येतो आणि हीच तक्रार करतो, की आमच्या दिमिष्कातल्या (दमास्कसच्या) अबाना-परपर नद्या काय वाईट होत्या? शेवटी मुकाट्याने सात बुड्या मारतो. आईनेही चपला काढल्याच.

पलीकडच्या काठावर पांढरे झगे घातलेला एक जथा गात गात पाण्यात उतरत होता. तो काठ वेस्ट बँकेचा, ताबा इस्राएलचा. त्यांचे आणि आमचे फोटो एकाच फ्रेममध्ये येत होते, पण नदी ओलांडायची सोय नाही. दोन्हीकडे सैनिक. १९६७ च्या युद्धानंतर हा सगळा पट्टा लष्कराच्या ताब्यात होता, सुरुंग पेरलेले होते. १९९४ च्या इस्राएल-जॉर्डन शांतता करारानंतर जॉर्डनच्या बाजूचे काढले आणि मग उत्खनन सुरू झालं.

खरं बघायचं ते नदीपासून थोडं आत. तिथे जुन्या चर्चचे अवशेष आहेत, एकावर एक बांधलेली, पुरांनी पाडलेली. तिथून खाली उतरणाऱ्या पायऱ्या दिसतील. त्या पाण्यापर्यंत जायच्या, आता मातीत संपतात, कारण प्रवाह सरकला आणि घाट तिथेच राहिला. सहाव्या शतकातले यात्रेकरू इथे आल्याची वर्णनं लिहून ठेवलेली आहेत. मी त्या पायऱ्यांपाशी जितका वेळ थांबलो तितका नदीपाशी नाही. गाइड घाई करेल, करू द्या. जवळच बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची टेकडी आहे. तो अग्निरथातून स्वर्गात गेला तो इथूनच, असं मानतात.

खरी जागा पूर्वेची की पश्चिमेची, हा वाद विचाराल तर योहानाच्या शुभवर्तमानात ‘यार्देनेच्या पलीकडले बेथानी’ असं आहे आणि २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून यादीत घेतली तीही पूर्वेचीच, म्हणजे तुम्ही जाल ती. पण मृत समुद्राकडे येता-जाता मादाबा गावालाही थांबा. तिथल्या चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेइकचा नकाशा आहे, त्यात बेथाबारा, म्हणजे हीच बाप्तिस्म्याची जागा, पश्चिमेला दाखवलंय. त्याच नकाशात यार्देनेतला एक मासा मृत समुद्राचं खारं पाणी लागताच उलटा फिरलाय. तो चुकवू नका.

बाकी व्यवहाराचं: स्वतःची गाडी आत नेता येत नाही, तिकीटघरापासून त्यांची बस आणि गाइड असतो. आम्ही गेलो तेव्हा जॉर्डन पास (पर्यटनस्थळांचं एकत्रित तिकीट) चालला नाही, वेगळं तिकीट काढावं लागलं. जागा समुद्रसपाटीच्या बरीच खाली, त्यामुळे उन्हाळ्यात भाजून निघाल. सकाळची पहिली बस धरा आणि टोपी घ्या.

आणि नदीचं पाणी घ्यायचं असेल तर बाटली चेक-इनच्या बॅगेत टाका. आईने पर्समध्ये ठेवलेली, विमानतळावर अर्थातच अडवली. तिने तिथेच खोबरेल तेलाची छोटी बाटली रिकामी केली आणि त्यात मावेल तेवढं भरलं. आमच्या अल्तारावर यार्देनेचं पाणी आहे ते पॅराशूटच्या बाटलीत, तळाशी बोटभर गाळ.