‘नाव तुमचं, पैसा आमचा’ म्हणणाऱ्याला सही देऊ नका

शेतकरी बंधू-भगिनींनो,

या वेळी बियाणे आणि फवारणीच्या प्रश्नांसोबत जमिनीच्या व्यवहाराबद्दलही बरेच विचारले गेले आहे. विषय महसूल खात्याचा असला तरी पेच शेतकऱ्यासमोरच उभा राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एका शेतकऱ्याचा प्रश्न असा: “आमच्या शिवारात एक मध्यस्थ फिरतो आहे. परदेशी कंपनीला सलग 60 एकर हवी आहे. खरेदी माझ्या नावावर करायची, पैसे ते भरणार आणि मला दरमहा ठरलेली रक्कम देणार. सातबारा माझ्याच नावावर राहणार, मग हरकत काय?”

हरकत मोठी आहे. भारताबाहेर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला आपल्याकडे शेतजमीन विकत घेता येत नाही. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (म्हणजे भारतीय मुळाचे परदेशी नागरिक) यांना फ्लॅट किंवा दुकान घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र घेता येत नाही. परकीय चलन कायद्याखालच्या 2019 च्या नियमांत हे स्पष्ट आहे. शेतीत थेट परदेशी गुंतवणूक चालते ती मोजक्या ठिकाणी: नियंत्रित वातावरणातील फुलशेती, फळे, भाजीपाला व अळिंबी, बियाणे-रोपे, पशुपालन, आणि चहा, कॉफी, रबर, वेलदोडा यांसारखे काही मळे. त्यातून महाराष्ट्रात कुळकायद्याचे कलम 63 आहेच. ठरावीक अपवाद सोडले तर शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

हे सगळे दरवाजे बंद आहेत म्हणूनच तो मध्यस्थ तुमच्याकडे आला आहे. त्याला हवे आहे ते तुमचे ‘शेतकरी’ असणे. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, अशा व्यवहाराला कायदा बेनामी म्हणतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याला 1 ते 7 वर्षे सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड आहे. ही शिक्षा पैसे लावणाऱ्याला होते तशी नाव देणाऱ्यालाही होते, आणि जमीन सरकारजमा होते ती भरपाईशिवाय. खटला उभा राहील तेव्हा मध्यस्थाचा फोन लागणार नाही. कोर्टाची तारीख तुम्हाला पडेल. इसार पावती, कोरा स्टॅम्पपेपर, कुलमुखत्यारपत्र, यांपैकी कशावरही सही करू नका. केली असेल तर लपवून ठेवू नका. कागद घेऊन लगेच वकिलाला भेटा.

दुसरा प्रश्न एका तरुण शेतकऱ्याचा. तो विचारतो, “दर चांगला मिळत असेल तर पैसा कुठून आला याच्याशी सरकारला काय करायचे?” हा राग मला समजतो. भाव पडतात तेव्हा कोणी येत नाही आणि जमिनीला गिऱ्हाईक आले की सगळे कायदे पुढे येतात, असे वाटणे चूक नाही. तरी या प्रश्नाची दुसरी बाजू अमेरिकेतल्या एका घटनेवरून सांगतो.

नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स शहराजवळ चीनच्या फुफेंग समूहाने मक्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यासाठी सुमारे 370 एकर जमीन घेतली. हवाई दलाचा तळ तिथून साधारण 12 मैलांवर, म्हणजे 19 किलोमीटरवर. परदेशी गुंतवणूक तपासणारी अमेरिकेची केंद्रीय समिती 1975 पासून काम करते. तिने 2022 च्या शेवटी सांगितले की हा व्यवहार आपल्या कक्षेत येत नाही, कारण जमीन-व्यवहारांसाठी संवेदनशील ठरवलेल्या तळांच्या यादीत हा तळ नव्हता. मग जानेवारी 2023 मध्ये खुद्द हवाई दलाने पत्र दिले की या प्रकल्पापासून सुरक्षेला मोठा धोका आहे. फेब्रुवारीत नगर परिषदेने प्रकल्प थांबवला, आणि यादी वाढवून त्यात हा तळ घालण्याचे काम त्याच वर्षी नंतर झाले.

मला यातले नगर परिषदेचे पाऊल जास्त महत्त्वाचे वाटते. राजधानीतली समिती कागद बघते. कोणत्या गटाशेजारी काय आहे, कोणता उंचवटा कुठे आहे, हे गावाला माहीत असते. ऑस्ट्रेलियात 2015 साली किडमन कंपनीचे अवाढव्य गुरांचे रान परदेशी खरेदीदारांना विकायला सरकारने नकार दिला. त्या रानाचा एक भाग वूमेरा या शस्त्रचाचणी क्षेत्रात येत होता, हे त्यामागचे एक कारण. पिकाशी किंवा गुरांशी कोणाचे वैर नव्हते. प्रश्न जागेचा होता. आपल्याकडेही तोफखान्याची मैदाने, दारूगोळ्याची कोठारे आणि विमानतळ यांच्या कुंपणाला लागून शेती आहे. तिथल्या जमिनीला कोणी बाजारभावाच्या दुप्पट दर देत असेल तर आधी विचारा, इथलीच का?

परदेशी पैसा म्हणजे शत्रूचा पैसा, असे मी म्हणत नाही. बियाण्यांत, ठिबकमध्ये, प्रक्रिया उद्योगात तो उघडपणे आलेला आहे आणि त्याचा आपल्याला उपयोगही झाला आहे. काळजी वाटते ती मालक लपवणाऱ्या पैशाची.

आता तिसरा प्रश्न, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो: “सोलर कंपनीला जमीन 29 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देतो आहोत. कंपनी भारतीय आहे, पण तिच्यात बाहेरचा पैसा आहे असे ऐकतो. देऊ का?”

बाहेरचा पैसा आहे एवढ्याने सौर प्रकल्प बेकायदा होत नाही, आणि पडीक जमिनीला खात्रीचे भाडे मिळत असेल तर प्रस्ताव वाईटही नाही. अडचण वेगळी आहे. पट्टा कंपनीच्या नावे राहतो आणि उद्या ती कंपनीच विकली जाते. सातबाऱ्यावर एक अक्षर बदलत नाही. जमिनीवर ताबा असणारा माणूस मात्र बदललेला असतो. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने नियम केला की भारताच्या जमीन-सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी लागेल, आणि खरा लाभार्थी मालक त्या देशातला असेल तरीही लागेल. आधीच्या गुंतवणुकीची मालकी पुढे अशा हातात गेली तरी मंजुरी हवी. नियम चांगला आहे, पण हात बदलल्याचे पट्टा देणाऱ्या शेतकऱ्याला कोण कळवणार?

म्हणून ही अट करारातच घाला. लेखी संमतीशिवाय पोटभाडे किंवा हस्तांतरण नाही. कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग दुसऱ्याकडे गेले तर 30 दिवसांत लेखी कळवणे बंधनकारक. आवश्यक सरकारी मंजुरी नसेल तर पट्टा संपुष्टात. प्रकल्पाला लागणार नाही असा मनोरा, कॅमेरा किंवा ड्रोन-पाहणी चालणार नाही, हेही लिहून घ्या. मसुदा इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागा आणि वकिलाला दाखवूनच दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. प्रामाणिक कंपनी या अटींवर बोलायला बसते. “ठरलेला नमुना आहे, बदलता येत नाही” एवढेच उत्तर मिळाले तर थांबा.

शेवटी एका आईचा प्रश्न: मुलगा परदेशी नागरिक झाला, ओसीआय कार्ड आहे, आमच्या जमिनीचे काय? ताई, घाबरू नका. तुमच्या पश्चात वारसाहक्काने जमीन त्याला मिळू शकते आणि वारस नोंदही होते. बक्षीसपत्राने मात्र आज त्याच्या नावे करू नका. शेतजमिनीला ते चालत नाही. पुढे त्याला विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या खरेदीदारालाच विकावी लागेल, आणि आपल्या राज्यात तो खरेदीदार शेतकरी असायला हवा, नाहीतर वर सांगितलेली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. त्याच्या कार्डाची आणि पासपोर्टची प्रत जमिनीच्या कागदांसोबत आत्ताच लावून ठेवा.