लाइक मिळतात, गिऱ्हाईक मिळत नाही

वाचकांचे प्रश्न : समाजमाध्यमांवरची जाहिरात

प्रश्न : मी हाताने बांधलेल्या वह्या विकतो. फेसबुक पेजवरची एक पोस्ट दर आठवड्याला ‘बूस्ट’ करतो, म्हणजे पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवतो. लाइक शेकड्यांनी येतात, ऑर्डर मात्र एखादीच. चूक जाहिरातीत आहे की वह्यांत?

उत्तर : वह्यांना दोष देण्याआधी बूस्ट करताना कोणतं उद्दिष्ट निवडलंत ते बघा. यंत्रणा तुम्ही मागाल तेच आणून देते. एंगेजमेंट (लाइक, कमेंट असा प्रतिसाद) मागितलं की दिसेल त्या फोटोला लाइक ठोकणारी माणसं ती शोधते. त्यांना वही हवी आहे का, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं.

बूस्टचं बटण सोडा आणि अ‍ॅड्स मॅनेजर या मेटाच्या (फेसबुकच्या मूळ कंपनीच्या) साधनातून जाहिरात लावा. तिथे सहा उद्दिष्टं असतात : अवेअरनेस (ओळख), ट्रॅफिक (वेबसाइटवरच्या भेटी), एंगेजमेंट, लीड्स (इच्छुकांचे संपर्क), अ‍ॅप प्रमोशन आणि सेल्स. वेबसाइटवर थेट विक्री होत असेल आणि तिथे मेटा पिक्सेल (आलेल्यांनी काय केलं ते टिपणारा कोड) बसवलेला असेल, तर सेल्स घ्या. वेबसाइट नसेल तर एंगेजमेंटच घ्या, पण कन्व्हर्जन लोकेशन (लोकांनी पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते ठिकाण) म्हणून मेसेजिंग अ‍ॅप निवडा. मग यंत्रणा लाइकऐवजी मेसेज करणारी माणसं शोधू लागते. उद्दिष्टाचं नाव तेच, एंगेजमेंट, असल्यामुळे इथे बरेच जण गोंधळतात.

पुढची चूक उतावळेपणाची. प्रत्येक अ‍ॅड सेट (एकाच प्रेक्षकवर्गासाठीच्या जाहिरातींचा गट) आधी ‘लर्निंग’ म्हणजे शिकण्याच्या अवस्थेत असतो. त्यातून बाहेर पडायला शेवटच्या मोठ्या बदलानंतरच्या आठवड्यात साधारण ५० परिणाम (मेसेज किंवा खरेदी, जे मागितलं असेल ते) लागतात. तिसऱ्या दिवशी बजेट दुप्पट केलं, चौथ्या दिवशी वयोगट बदलला, की मोजणी पुन्हा शून्यावर. बजेट लहान असेल तर ते पाच अ‍ॅड सेटमध्ये वाटू नका, नाहीतर एकालाही ५० चा आकडा गाठता येणार नाही. अ‍ॅड सेट एकच ठेवा, त्यात तीन-चार वेगवेगळे फोटो किंवा व्हिडिओ टाका आणि आठवडाभर हात लावू नका. आठवड्याला ५० खरेदी होणं शक्यच नसेल, तर खरेदीऐवजी मेसेज मागा. मेसेज जास्त येतात, त्यामुळे यंत्रणा लवकर शिकते.

मेसेज येऊनही विक्री होत नसेल तर दुखणं जाहिरातीत नाही. पोस्टमध्ये किंमत, आकार, पानांची संख्या, कागदाची जाडी आणि घरपोच यायला लागणारे दिवस लिहिलेत का? ‘किंमत इनबॉक्समध्ये विचारा’ ही पद्धत आमच्या मते नुकसानीची आहे. बरेच लोक विचारतच नाहीत आणि विचारणाऱ्यांत नुसत्या चौकशा जास्त. उत्तर सहा तासांनी गेलं तर तोवर समोरच्याचा उत्साहही ओसरलेला असतो.

शेवटी हिशेब. समजा १०० जणांनी क्लिक केलं, १० जणांनी विचारलं, दोघांनी घेतलं. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे ५० क्लिकचा खर्च पडला. एका ऑर्डरवरचा नफा त्याहून कमी असेल आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येणार नसेल, तर ती जाहिरात तोट्यात चालली आहे. लाइक कितीही असोत.

प्रश्न : अ‍ॅड्स मॅनेजर ९ ऑर्डर दाखवतो, माझ्या नोंदवहीत मात्र जाहिरातीमुळे आलेल्या ५ च आहेत. खरं काय?

उत्तर : नोंदवहीवर जास्त विश्वास ठेवा. मूळ सेटिंगमध्ये जाहिरातीवर क्लिक करून ७ दिवसांत झालेली खरेदी मोजली जाते, तशीच जाहिरात नुसती पाहून १ दिवसात झालेलीही. जुनं गिऱ्हाईक स्वतःहून येणारच होतं, वाटेत त्याला जाहिरात दिसली, तरी श्रेय जाहिरातीच्या खात्यात. ‘ऑर्डर मिळाली’ हे पान कुणी पुन्हा उघडलं आणि पिक्सेल नीट बसवलेला नसला, तर एकच ऑर्डर दोनदा मोजली जाते. उलटही घडतं : २०२१ पासून आयफोनवर अ‍ॅपला माग ठेवण्यासाठी परवानगी विचारावी लागते. बरेच जण ती नाकारतात आणि काही खऱ्या ऑर्डर मोजणीतून निसटतात. म्हणून प्रत्येक लिंकला यूटीएम टॅग, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगणारे लिंकच्या शेवटचे शब्द, लावा (सोर्स, मीडियम, कॅम्पेन) आणि ऑर्डर घेताना ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ एवढं विचारा.

प्रश्न : रील्सवरचा मजकूर अर्धा झाकला जातो, आणि एका रीलचा आवाजच बंद झाला. असं का?

उत्तर : रील उभी, ९:१६ प्रमाणात, १०८० बाय १९२० पिक्सेलची करा. खालच्या साधारण तिसऱ्या भागावर अकाउंटचं नाव, कॅप्शन आणि बटणं येतात, उजवीकडे लाइक-शेअरची चिन्हं. मजकूर मधल्या पट्ट्यात ठेवा. अनेक लोक आवाज न लावता बघतात, म्हणून बोलणं अक्षरांतही हवं. वस्तू पहिल्या दोन-तीन सेकंदांत दिसू द्या. फिरत्या लोगोने सुरुवात करण्याचा मोह आवरा, लोक तिथूनच पुढे सरकतात.

आवाज गेला तो बहुधा संगीताच्या हक्कामुळे. गाजलेल्या गाण्यांचे परवाने वैयक्तिक वापरापुरते असतात, व्यवसायाला ते चालत नाहीत. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या किंवा स्वतःचा आवाज वापरा.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरून ब्रॉडकास्ट (एकच मेसेज अनेकांना) पाठवतो, पण अनेकांना मिळतच नाही.

उत्तर : एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच नंबर सेव्ह करायला सांगा. विकत घेतलेल्या याद्यांवर मेसेज पाठवू नका. लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, तसं फार झालं की नंबरच बंद होतो आणि त्यावरचा सगळा संपर्क जातो. ‘नवीन चौकशी’, ‘पैसे बाकी’, ‘माल पाठवला’ अशी लेबलं लावली, की कुणाला काय पाठवायचं ते आपोआप ठरतं.

प्रश्न : फॉलोअर विकत घ्यावेत का?

उत्तर : नको. तुमची पोस्ट आधी फॉलोअरांपैकी काहींना दाखवली जाते. ती खाती खोटी असतील तर प्रतिसाद शून्य, आणि पोस्ट पुढे जात नाही.

प्रश्न : कॉपीराइटचा भंग झाल्याने पेज २४ तासांत बंद होईल, असा मेसेज आला आहे. सोबत लिंक आहे.

उत्तर : लिंक उघडू नका. खरी सूचना अ‍ॅपमधल्या सपोर्ट किंवा अकाउंट स्टेटस विभागात दिसते, अनोळखी खात्याच्या इनबॉक्स मेसेजमधून येत नाही. आजच दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, पेजवर विश्वासाचा दुसरा अ‍ॅडमिन नेमा, आणि काम सोडून गेलेल्यांचा अ‍ॅक्सेस काढून टाका.